बातमीत न आलेला माणूस

प्रश्न: विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी वीसहून जास्त वर्षं दैनिकात बातमीदार होतो. महसूल, पोलीस, कोर्ट, जिल्हा परिषद, सगळे बीट केले. आता नोकरी सोडली आहे आणि कथा-कादंबरी लिहायची आहे. विषयांचा तोटा नाही, पण जे लिहितो त्याची बातमीच होते. एका मित्राने माझी कथा वाचून 'लेख छान झालाय' असं कळवलं. पत्रकारितेचा हात कसा सोडवायचा? कथेचा पहिला परिच्छेद सोबत देतो: 'सातबाऱ्यावर वारसांची नोंद घेण्यासाठी पाच हजारांची लाच स्वीकारताना तलाठ्याला रंगेहाथ पकडल्याने तालुक्यात एकच खळबळ उडाली होती. या तलाठ्याबद्दल शेतकऱ्यांच्या अनेक तक्रारी होत्या. मात्र वरिष्ठांकडून त्याला पाठीशी घातले जात होते.'

उत्तर:

हात सोडवायची गरज नाही. तो तुमचा आहे आणि पुढेही तोच कामी येणार आहे. तुमच्या परिच्छेदातली अडचण वेगळी आहे. तुम्ही कथा लिहायला बसलात, पण बातमीदार जिथे उभा राहतो तिथूनच बघत राहिलात. मी उमेदीची वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर आणि नंतर बातमीदारीत घालवली, पुढे कथेकडे वळलो आणि आता कथालेखनाच्या शिबिरांत शिकवतो. या वाटेने येणारे पत्रकार तिथे नेहमी भेटतात. त्यांच्यापाशी विषय असतात, माणसांची पारख असते, रोज लिहायचा सराव असतो. बहुतेकांचं अडतं ते एकाच जागी. काय झालं ते सांगून झालं की त्यांना सांगण्यासारखं काही उरत नाही. कथा तिथून पुढे सुरू करायची, आणि शक्यतो अशा माणसापासून, ज्याचं नाव त्या दिवशी तुम्ही वहीत टिपलंही नसेल.

तुमचा परिच्छेद पुन्हा वाचू. निकाल पहिल्या वाक्यात, पार्श्वभूमी दुसऱ्यात, आरोप तिसऱ्यात. ही इंट्रोची, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदाची, शिस्त आहे आणि ती कुठून आली ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्री पानावर जाहिरात वाढली की उपसंपादक कॉपी खालून कापतो, म्हणून महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली. शेवटचे दोन परिच्छेद उडाले तरी बिघडू नये, असं तुम्ही इतकी वर्षं लिहीत आलात. त्या शेवटच्या दोन परिच्छेदांत काय असायचं ते आठवून बघा. तक्रारदाराची म्हातारी आई दिवसभर तहसीलच्या पायरीवर बसून होती. तलाठ्याच्या टेबलावर काचेखाली मुलाच्या शाळेच्या फीची पावती होती. पानावर जागा नव्हती म्हणून ते गेलं. कथेत जागा द्यायची ती यांना.

मात्र 'शेवट आधी सांगू नका' असा सरसकट नियम मी तुम्हाला सांगणार नाही. शिबिरांमधून तो फार पढवला जातो आणि तो खरा नाही. गाब्रिएल गार्सिया मार्केस वर्तमानपत्रात घडलेला लेखक. १९५०च्या दशकात तो कोलंबियातल्या 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकात बातमीदार होता. तिथल्या सुक्रे गावात १९५१ मध्ये त्याच्या ओळखीतल्या एका तरुणाचा खून झाला. त्यावरची त्याची छोटी कादंबरी आली १९८१ मध्ये, तीस वर्षांनी. नायक मारला जाणार हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं आहे, तरी पुस्तक हातातून सुटत नाही. खून होणार हे गावभर माहीत असताना तो कुणीच का थांबवला नाही, हे कळेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. निकाल आधी देण्यात त्याचं काही बिघडलं नाही. तुमच्या परिच्छेदात निकालानंतर जाणून घ्यावं असं काही शिल्लक राहिलेलं नाही, एवढाच फरक आहे.

आता लाच घेताना पकडण्याच्या सापळ्याकडे येऊ. अशा कारवाया तुम्ही कितीतरी कव्हर केल्या असतील. बातमीत कोण येतं? तलाठी, तक्रारदार, पोलीस उपअधीक्षक, त्यांचं पथक. तिथे हजर असलेला आणखी एक माणूस बातमीत कधीच येत नाही, तो म्हणजे पंच. लाचलुचपत खातं पंच म्हणून बहुतेक वेळा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले कर्मचारी मागवून घेतं. पाटबंधारे, बांधकाम, कृषी, कुठलेही. साहेबांनी पत्र हातात ठेवलं की कारकून निघतो. तिथे गेल्यावर त्याला तक्रार वाचायला देतात आणि त्यावर सही घेतात. नोटांचे नंबर टिपून त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. पावडर लागलेली बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं, हे त्याला आधी करून दाखवतात. मग पंच क्रमांक एक तक्रारदाराबरोबर, त्याचा कुणी ओळखीचा म्हणून, आत जातो. त्याने फक्त बघायचं आणि ऐकायचं. पैसे मागितले का, कोणत्या हाताने घेतले, कुठे ठेवले. तक्रारदाराने ठरलेला इशारा केला की पथक आत येतं, हात धुतले जातात, बाटल्यांना सील लागतं, पंचनामा होतो. काही वर्षांनी विशेष न्यायालयात हा माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. तो ठाम राहिला तर एका कर्मचाऱ्याची नोकरी जाते. फितूर झाला तर खटला कमकुवत होतो आणि ऑफिसात लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. त्याने स्वतः काहीच केलेलं नाही. त्याला कुणी काही विचारलेलंही नाही. तुमची कथा याची आहे, असं मला वाटतं.

तुमचाच प्रसंग त्याच्या बाजूने कसा सुरू होऊ शकेल, त्याचा एक खर्डा करून दाखवतो:

'सकाळी दहाला साहेबांनी बोलावून पत्र हातात दिलं. आज तुम्ही अँटी करप्शनकडे. डबा टेबलाच्या खणात ठेवून तो निघाला. तक्रार वाचायला दिली तेव्हा तिसऱ्या ओळीत तलाठ्याचं नाव दिसलं. मागच्या वर्षी कर्मचारी पतसंस्थेच्या सभेत ते दोघं शेजारी बसले होते. मुलीला बारावीला किती पडले, असं तलाठ्याने विचारलं होतं आणि ऐकून खांद्यावर थाप मारली होती. आरोपीला ओळखता का, असं अधिकाऱ्याने विचारलं. तो नाही म्हणाला आणि सही केली. दुपारी तीनला तलाठ्याचा तोच थाप मारणारा हात काचेच्या भांड्यात बुडवला गेला. पाणी गुलाबी झालं. पंच, नीट बघा, अधिकारी म्हणाला. त्याने बघितलं. डबा खणातच राहिला होता. अशा वेळीही आपल्याला भूक लागते याची त्याला लाज वाटली.'

यात बातमीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आहे. लाच आहे, सापळा आहे, गुलाबी पाणीही आहे. वाचक पुढे जाईल तो मात्र एका 'नाही'साठी. ओळख असताना हा माणूस नाही का म्हणाला? साहेबांच्या धाकाने? की त्याला ते सगळं बघायचं होतं? आणि कोर्टात बचाव पक्षाच्या वकिलाने पतसंस्थेच्या त्या सभेचं हजेरीपत्रक समोर ठेवलं तर? यातलं काहीही तुमच्या वहीत सापडणार नाही, ते तुम्हाला रचावं लागेल. तरी ते हवेतून येणार नाही. सरकारी कार्यालयातला माणूस साहेबांसमोर कसा उभा राहतो, कोणत्या सुरात 'हो सर' म्हणतो, कशाला घाबरतो, हे तुम्हाला वीस वर्षं बघून माहीत आहे. कल्पनाशक्ती नसल्याची तक्रार पत्रकार बरेचदा करतात. मला ती पटत नाही. शक्ती असते, पण 'हे कोण म्हणालं?' असा संपादकाचा प्रश्न कानात इतका बसलेला असतो की ज्याला सूत्र नाही ते लिहायला हात धजत नाही. कथेत सूत्राचं नाव देता येत नाही आणि 'असे समजते' म्हणून अंगही काढून घेता येत नाही. तो माणूस घाबरला होता असं लिहिलंत की ते तुमच्या जबाबदारीवर. ही जबाबदारी घेणं ज्याला जमलं तो पलीकडे गेला.

घटनेपासून माणसाकडे जाण्याचा हा प्रवास आपल्याकडे फार ताकदीने झालेला आहे. १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'चे अश्विनी सरीन यांनी एक बाई चक्क विकत घेऊन, या देशात बायकांची विक्री होते हे जगासमोर मांडलं. त्या बातमीवरून विजय तेंडुलकरांनी 'कमला' लिहिलं. तेंडुलकर वर्तमानपत्रांत काम केलेले. बातमी कुठे थांबली आणि तिच्या पुढे काय होतं हे त्यांना नेमकं दिसलं. बातमीचा विषय कमला होती. नाटकात तेंडुलकर तिला बातमीदाराच्या घरात आणून ठेवतात, आणि ती त्याच्या बायकोला, सरिताला, सरळ विचारते की तुला केवढ्याला विकत घेतलं. त्या प्रश्नापासून नाटक सरिताचं होतं. तिच्याबद्दल कुठल्याही वर्तमानपत्रात एक ओळ आली नसती.

जयंत पवारांचं 'अधांतर' असंच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मोर्चे, सभा, वाटाघाटी यांच्या बातम्यांचे ढीग पडले. पवार स्वतः 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये पत्रकार, गिरणगाव जवळून बघितलेले. त्यांनी नाटक घातलं एका गिरणी कामगाराच्या घरात. संप बाहेर राहतो. आत आई असते, मोठी झालेली मुलं असतात, पैशांवरून आणि न मिळणाऱ्या नोकरीवरून उडणारे खटके असतात. लाखो माणसांबद्दल बोलायचं असताना एका खोलीत बसून राहण्याचा धीर त्यांनी दाखवला. बातमीदाराला हे सर्वांत जड जातं. त्याला सतत वाटत राहतं की मूळ गोष्ट बाहेर चालली आहे आणि आपण इथे काय करतोय. तुम्हाला तसं वाटू लागलं की उठू नका, त्याच खोलीत बसा.

याबरोबर एक सावधगिरी. पहिल्या कथेचा नायक पत्रकार करू नका. मोह होईल, कारण तो माणूस तुम्हाला आतून माहीत आहे. पण तो आला की मागोमाग संपादक येतो, दडपलेली बातमी येते, व्यवस्थेवरचं भाषण येतं आणि बाकीची माणसं त्याच्या नजरेतून दिसू लागतात. म्हणजे तुम्ही परत तुमच्या जुन्या जागी. पाच-सहा कथा होऊ द्या, मग त्याला आणा.

'पत्रकारितेने लेखक मरतो' असं साहित्यिक वर्तुळात बोललं जातं, त्याने खचू नका. मराठीत तरी इतिहास उलटा आहे. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक चालवलं आणि त्यातूनच कादंबऱ्या क्रमशः दिल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर केसरीत काम करत असताना १९०७ मध्ये 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. अग्रलेखात जे उघडपणे लिहिता आलं नसतं ते महाभारतातल्या कथेतून लोकांपर्यंत पोचलं, आणि सरकारला ते इतकं झोंबलं की १९१० मध्ये त्यावर बंदी आली.

तुमच्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते अरुण साधू. परतवाड्याचे, म्हणजे तुमच्याच मुलखातले. नोकरी मुख्यतः इंग्रजी वृत्तपत्रांत आणि कादंबऱ्या मराठीत. 'सिंहासन' १९७७ मध्ये आली तेव्हा ते पत्रकारितेत पुरते बुडालेले होते. राजकारणाची माहिती त्यांच्याइतकी इतर बातमीदारांपाशीही असेल. माझा समज असा की दोन कामांसाठी दोन भाषा असणं हे त्यांच्या फार उपयोगी पडलं असावं. इंग्रजीतला बातमीदार संध्याकाळी मराठीत शिरताच वाक्याच्या सवयीही बाहेर राहत असतील. तुमची बातमीही मराठीत आणि कथाही मराठीत, त्यामुळे ही सोय तुम्हाला नाही. पण तुमच्याकडे वऱ्हाडी आहे. वीस वर्षांत तुमच्या वर्तमानपत्राने ती जवळजवळ छापलेली नाही, म्हणून तिला बातमीची सवय लागलेली नाही.

हे कसं घडतं ते एका वाक्यावरून बघा. जमिनीच्या वादातली एखादी बाई उपोषणाला बसली की छापून येतं: 'आपल्याला न्याय मिळावा, अशी मागणी तिने केली आहे.' ती बाई खरं तर म्हणालेली असते, 'माह्या वावराचा कागद द्या मले, बाकी काहीच नोको.' न्याय तिने मागितलेलाच नाही. तो शब्द तिच्या तोंडी आपण घातला. तिला कागद हवा आहे, कारण त्या कागदावर सोसायटीचं पीककर्ज अडलंय, कर्जावर पेरणी अडली आहे आणि पाऊस येऊन गेला आहे. 'वावराचा कागद' म्हटल्याबरोबर ही सगळी साखळी वाचकासमोर उभी राहते. 'न्याय' म्हटलं की काहीच दिसत नाही. म्हणून संवाद आधी मनातल्या मनात मोठ्याने ऐका, मग लिहा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की वऱ्हाडीत हा नंतरचा प्रश्न आणि त्याला एकच उत्तर नाही. पण माणसांच्या तोंडची भाषा सोवळी करू नका.

याच ओघात बातमीची ठरीव वाक्यं. एकच खळबळ उडाली, परिसरात शोककळा पसरली, उपस्थितांचे डोळे पाणावले, हळहळ व्यक्त होत आहे. डेडलाइनच्या दबावाखाली ती हातातून आपोआप उतरतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, त्या कामाची ती गरज आहे. कथेत मात्र ती वाचकाच्या वतीने आधीच रडून घेतात आणि वाचकाला काही करायला शिल्लक ठेवत नाहीत. तुमच्या परिच्छेदातली 'एकच खळबळ' काढून बघा. लगेच प्रश्न पडतो की त्या दुपारी तहसीलमध्ये नेमकं काय झालं. शेजारच्या टेबलावरचा अव्वल कारकून उठून बाहेर गेला का? सेतूच्या रांगेत उभे असलेले लोक रांग सोडून बघायला आले की जागा जाईल म्हणून तिथेच उभे राहिले? मला खात्री आहे, उत्तरं तुम्हाला माहीत आहेत.

'पण हे खरंच असं घडलं होतं' हे वाक्यही विसरायचं आहे. कथा पटली नाही असं कुणी म्हटलं की पत्रकार हेच उत्तर देतात. खरं घडलेलं बातमीत पटवावं लागत नाही, तिथे पंचनामा असतो, एफआयआर असतो, अधिकाऱ्याचा दुजोरा असतो. कथेत दुजोरा द्यायला कुणी येत नाही. कारकून 'नाही' म्हणाला ते खरं होतं का, याला काही किंमत नाही. हा माणूस असं म्हणेल, असं वाचकाला आतून वाटलं पाहिजे. त्यासाठी कधी खऱ्या घटनेतली अत्यंत नाट्यमय गोष्ट टाकून द्यावी लागते, कारण ती फार योगायोगाची दिसते. तसं करताना त्रास होईल. करा.

जुन्या वह्या ठेवल्या असतील तर त्या आता काढा. विषय शोधण्यासाठी नव्हे, विषय तुम्हाला पाठ आहेत. एक जुनी बातमी घ्या, तिचं कात्रण शेजारी ठेवा आणि वहीत आहे पण कात्रणात नाही तेवढंच कागदावर उतरवा. मग वहीतही नाही पण आठवतं, ते त्याखाली लिहा: चहा कुणी आणून दिला, कोण दारात उभं राहून ऐकत होतं, तुम्ही निघताना कुणी काय म्हटलं. बहुतेक वेळा निघतानाचं वाक्य सगळ्यात मोलाचं असतं, कारण मुलाखत संपली असं समजून माणूस मोकळा झालेला असतो. मग ठरवा, यातल्या कुणाबरोबर तुम्ही आणखी एक दिवस थांबला असता. त्या व्यक्तीचा तो पुढचा दिवस लिहा. तुम्ही तिथे नव्हतात. म्हणूनच तो कथेचा आहे. शिबिरात पत्रकारांना मी हाच पहिला अभ्यास देतो आणि तो सहसा वाया जात नाही. हात भरभर चालू लागला की थोडं थांबा. अर्ध्या तासात पाचशे शब्द काढायची तुमची तयारी पहिल्या खर्ड्यासाठी उत्तम आहे. दुसऱ्या खर्ड्यात मात्र तीच सवय जुनी, वापरलेली वाक्यं पुढे सरकवते.

कधी असंही होईल की ती वही चाळताना जे सापडेल ते कथेचं नसेलच. काही वास्तव असं असतं की त्यात काही रचलं तर ते हलकं होतं. अशा वेळी अनिल अवचटांनी ज्या वाटेने लिहिलं ती वाट धरा. खरी माणसं, खरी ठिकाणं, पण सावकाश, जवळ बसून. ते लेखन कथेपेक्षा कमी प्रतीचं नाही. एकच पथ्य पाळा: त्यात एक वाक्यही रचायचं नाही. अर्धं खरं आणि अर्धं कल्पित लिहून 'सत्यकथा' म्हणणं हा वाचकाचा विश्वासघात आहे, आणि तुमच्यासारख्या माणसाने तर तो करूच नये.

आता कायद्याचं, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी सगळे सगळ्यांना ओळखतात. नाव बदललं म्हणजे झालं असं धरून चालू नका. अमुक तालुका, अमुक वर्ष, उजव्या गालावर डाग असलेला सभापती, एवढ्यावर गाव त्याला ओळखतं. बदनामीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे आणि कादंबरी असल्याने त्यातून आपोआप सुटका होत नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं कलम ७२ खाली गुन्हा आहे. बातमीत ते तुम्ही पाळत आलात, कथेतही तेवढंच काटेकोर पाळा. दोन-तीन माणसांची वैशिष्ट्यं एकत्र करून एक पात्र करा, पद बदला, गावाची दिशा बदला. यात कथेचाही फायदा होतो, कारण खऱ्या माणसाचा धाक गेला की पात्र तुम्हाला न विचारता वागू लागतं. कायद्याच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे. 'हे छापू नका' म्हणून ज्यांनी विश्वासाने काही सांगितलं, त्यांचं ते सांगणं नोकरी सुटली म्हणून मोकळं झालेलं नाही. हयात असतील तर त्यांना विचारा. ते नको म्हणाले तर सोडून द्या.

तुमच्या जुन्या बातम्या आणि पुरवणीतले लेख पुस्तकात वापरता येतील का, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारालच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर वृत्तपत्रातल्या नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा वर्तमानपत्र-नियतकालिकात प्रसिद्ध करण्याचा हक्क मालकाचा असतो, बाकी हक्क लेखकाकडे राहतात. म्हणजे पुस्तकाला सहसा अडचण नाही. पण नेमणूकपत्र काढून त्यात काय लिहिलंय ते वाचा, अलीकडच्या करारांत सगळेच हक्क मालकाकडे लिहून घेतलेले असतात.

एका गोष्टीची तयारी मनाने ठेवा, कारण तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. रोज सकाळी तुमचं नाव छापून यायचं, दहाच्या आत चार फोन यायचे, कलेक्टर कचेरीत लोक चौकशी करायचे. कथा लिहायला बसलात की महिनोन्‌महिने यातलं काहीच होत नाही. पाठवलेल्या कथेची पोच येत नाही. छापून आली तरी फोन येईलच असं नाही. ही शांतता अनेक चांगल्या पत्रकारांना पेलत नाही आणि ते परत सदर लिहायला लागतात. सदर वाईट नाही, पण दर आठवड्याला ते कथेचा वेळ आणि कथेची माणसं दोन्ही खाऊन टाकतं. पहिलं वर्षभर तरी घेऊ नका. त्याऐवजी एक वाचक शोधा जो पत्रकार नाही आणि तुमच्या कामाच्या दराऱ्यात नाही. शाळेतली एखादी बाई, बँकेतला निवृत्त माणूस, कुणीही. 'कशी वाटली?' असं त्यांना विचारू नका. 'कुठे वाचायची थांबवावीशी वाटली?' असं विचारा आणि ते सांगतील तिथे खूण करा.

छापण्याचं थोडक्यात. मराठी कथेला अजून मोठा आधार दिवाळी अंकांचा आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही चाल आहे. चांगल्या अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, म्हणून कथा जून-जुलैपर्यंत संपादकांच्या हाती पडावी. एकच कथा एका वेळी एकाच अंकाला द्या. मानधनावर घर चालत नाही, हे धरूनच चला. कादंबरीची घाई नको. चार-पाच कथा छापून आल्या की प्रकाशक तुमचं नाव ओळखतो आणि हस्तलिखित नीट वाचलं जाण्याची शक्यता वाढते. छपाईचा खर्च तुम्हीच करा असं कुणी म्हटलं तर तो प्रकाशनाचा व्यवहार राहत नाही, त्यात तुमच्या निवृत्तीचे पैसे घालू नका.

आणि त्या तलाठ्याच्या कथेचं. ती पंचाच्या बाजूने लिहून बघा, नाही जमली तर पायरीवर बसलेल्या म्हातारीच्या बाजूने. चार-पाच हजार शब्दांत बसेल असं वाटतं. खर्डा झाला की मला पाठवा, मी जरूर वाचेन. सोबत मूळ बातमीचं कात्रण मात्र पाठवू नका.